दोन डोसांमधले अंतर

पेम्ब्रोलिझुमॅब हे कर्करोगावरचे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून काम करून घेणारे, औषध २०१४ साली अमेरिकेत मेलानोमासाठी (त्वचेच्या एका कर्करोगासाठी) पहिल्यांदा मंजूर झाले, तेव्हा त्याचा डोस वजनावर ठरत होता: किलोमागे २ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. पुढे हिशेबातल्या चुका टळाव्यात आणि कुपीत उरलेले औषध फेकावे लागू नये म्हणून सगळ्यांना सरसकट २०० मिलिग्रॅम देणे सुरू झाले. ६० किलो वजनाच्या बाईला १२० मिलिग्रॅम पुरत होते, तिला २०० जाऊ लागले. मग २०१९ मध्ये युरोपात आणि २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, अमेरिकेत ४०० मिलिग्रॅम दर सहा आठवड्यांनी देण्यालाही मान्यता मिळाली. रुग्णालयाच्या फेऱ्या निम्म्या झाल्या, पण औषध तेवढेच राहिले. तीन आठवड्यांनी २०० घ्या की सहा आठवड्यांनी ४००, वर्षाला साधारण साडेतीन ग्रॅम औषध शरीरात जातेच. एवढे मुळात लागते का, हा प्रश्न मंजुरीच्या वाटेवर कुणाला विचारावा लागला नाही.

पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगात (ज्याच्या पेशींत संप्रेरकांचे दोन ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन, यांपैकी काहीच ठळक नसते) हा प्रश्न आता रीतसर विचारायला हवा, असे आमचे म्हणणे आहे. पहिले सहा महिने आजार आटोक्यात राहिलेल्या रुग्णांमध्ये दोन डोसांतले अंतर १२ आठवडे किंवा त्याहून जास्त करून पाहणारी चाचणी व्हावी, ती सार्वजनिक पैशातून व्हावी, आणि ती स्तनकर्करोगातच व्हावी. शेवटची अट अनेकांना अनावश्यक वाटते. फुप्फुसाच्या कर्करोगात उत्तर मिळाले की तेच इथे लावू, असे सहज म्हटले जाते. ते का चालणार नाही, हे सांगण्याआधी अंतर वाढवण्याची कल्पना कुठून आली ते पाहू.

केमोथेरपीचे औषध पेशीला थेट मारते. तिथे डोस कमी केला की मारही कमी पडतो. पेम्ब्रोलिझुमॅब गाठीला हातही लावत नाही. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ग्राहक असतो आणि गाठ त्याचा ब्रेकसारखा उपयोग करते. हे औषध त्या ग्राहकावर जाऊन बसते आणि ब्रेक लागू देत नाही. सभागृहातल्या खुर्च्या भरल्या की नंतर येणारे मागे उभे राहतात. त्यांच्यामुळे बसलेल्यांच्या संख्येत भर पडत नाही. इथेही तसेच. ग्राहक भरले की वरचे औषध रक्तात नुसते फिरत राहते. म्हणूनच मेलानोमामध्ये किलोमागे २ आणि १० मिलिग्रॅम यांची तुलना केली तेव्हा पाचपट डोसाने काही जास्त पदरात पडले नाही.

वेळेच्या बाबतीतला पुरावा निवोलुमॅब या भावंड-औषधाचा आहे आणि तो २०१० सालचा आहे. किलोमागे ०.३ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळे डोस एकदाच देऊन पाहिले. रक्तातली औषधाची पातळी १२ ते २० दिवसांत निम्मी होत गेली, पण दोन महिन्यांनंतरही रक्तातल्या टी पेशींवरचे सुमारे ७० टक्के ग्राहक व्यापलेलेच होते, आणि डोस लहान की मोठा याने त्यात फारसा फरक पडला नाही. औषध ओसरते, त्याचा परिणाम मागे रेंगाळतो. हे इतक्या लवकर कळूनही नेहमीचे अंतर दोन-तीन आठवड्यांचेच राहिले, कारण केमोच्या चक्राशी ते जुळते आणि मोठ्या चाचण्या त्याच वेळापत्रकावर झाल्या.

पेम्ब्रोलिझुमॅबचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे २२ दिवसांचे आहे. ४०० मिलिग्रॅम दिल्यावर १२ आठवड्यांनी त्यातले साधारण ७ टक्के, म्हणजे २८ मिलिग्रॅम, शरीरात उरते. १८ आठवड्यांनी २ टक्के, म्हणजे ८ मिलिग्रॅम. हा पाटीवरचा ढोबळ हिशेब आहे. आधीच्या डोसांचे उरलेसुरले औषध त्यात धरलेले नाही. तरी आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करता येते. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगावर झालेल्या चाचणीत निवोलुमॅबचा अख्खा डोसच २० मिलिग्रॅम होता, दर तीन आठवड्यांनी. तोंडाने घ्यायच्या तीन औषधांना त्याची जोड दिल्यावर एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. १५१ रुग्णांची ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम आहे हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते.

मात्र या चाचणीच्या नावावर भलतेच दावे केले जातात, तेव्हा एक खुलासा हवा. तिथे लहान डोसाची तुलना 'काहीच नाही' याच्याशी होती, पूर्ण डोसाशी नव्हती. थोडे औषधही काम करते, एवढे तिने दाखवले. थोडे औषध पूर्ण औषधाइतकेच काम करते, हे दाखवलेले नाही. दिल्लीच्या एम्समध्ये शस्त्रक्रियेआधीच्या ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगात ५० मिलिग्रॅम पेम्ब्रोलिझुमॅब दर सहा आठवड्यांनी तीनदा देऊन पाहिले गेले, त्यालाही हेच लागू आहे. ज्यांना पूर्ण डोस मिळण्याची शक्यताच नाही त्यांच्यासाठी असा पुरावा अमोल आहे. पूर्ण डोस मिळतो आहे त्याचे अंतर वाढवावे का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला निराळी चाचणी लागते.

जीवशास्त्राच्या बाजूनेही दोन शंका उरतात. रक्तातल्या टी पेशींवरचे ग्राहक मोजणे सोपे. गाठीच्या आतल्या, जिथे रक्तपुरवठा तुटपुंजा आहे, तिथल्या पेशींवरचे मोजणे अवघड. रक्तात भरलेल्या खुर्च्या गाठीत रिकाम्या असू शकतात. दुसरे म्हणजे सगळ्यांचे शरीर हे औषध सारख्या वेगाने बाहेर टाकत नाही. वजन झपाट्याने उतरलेल्या, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी असलेल्या रुग्णात ते लवकर संपते. उलट ज्यांना उपचार लागू पडतो त्यांच्यात काही महिन्यांनी हा वेग मंदावतो. म्हणून पहिल्या दिवसापासून अंतर वाढवणे हा जुगार ठरेल. सहा महिन्यांनी, आजार शांत असताना वाढवणे हा हिशेबी प्रयोग आहे. दोन्ही गोष्टींना 'कमी वेळा इम्युनोथेरपी' असे एकच नाव दिले जाते आणि तिथून अर्धा गोंधळ सुरू होतो.

आता स्तनकर्करोगच का ते. मेलानोमात किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगात पीडी-१ वरची औषधे एकट्याने किंवा जोडीच्या इम्युनोथेरपीबरोबर बरेच काम करतात. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात पेम्ब्रोलिझुमॅब एकट्याने तोकडे पडले: कीनोट-११९ चाचणीत, आधी उपचार झालेल्या रुग्णांमध्ये, नुसते पेम्ब्रोलिझुमॅब केमोपेक्षा आयुष्य वाढवू शकले नाही. त्याने जागा मिळवली ती केमोच्या जोडीने. कीनोट-३५५ मध्ये ८४७ रुग्ण होते. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ चा (पीडी-१ चा ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाचा) एकत्रित गुणांक १० किंवा जास्त होता त्यांच्यात केमोला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो काळ) १६.१ महिन्यांवरून २३ महिन्यांवर गेले. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ५.६ वरून ९.७ महिने झाला. सहा महिन्यांनी आजार न वाढलेल्या बायका ६५ टक्के होत्या, वर्षाने ३९ टक्के.

चाचणी आखणाऱ्याला या आकड्यांतून दोन गोष्टी दिसायला हव्यात. सहा महिन्यांचा उंबरठा ओलांडलेल्यांपैकीही बऱ्याच जणींचा आजार पुढच्या सहा महिन्यांत डोके वर काढतो. हा उतार तीव्र आहे, आणि अशा उतारावर 'अंतर वाढवले म्हणून वाढला की तसाही वाढलाच असता' हे एकेका रुग्णाकडे बघून कधीच कळणार नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी सरमिसळ वाटणी करून गट पाडल्याशिवाय इलाज नाही. दुसरी गोष्ट संख्येची. कीनोट-३५५ मध्ये १० च्या वरचा गुणांक सुमारे ३८ टक्के रुग्णांत होता. त्यातल्या ६५ टक्के सहा महिने टिकतात असे धरले, तर पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजाराच्या शंभर जणींमधून जेमतेम पंचवीस पात्र ठरतात. आणि ट्रिपल निगेटिव्ह हा प्रकार मुळात एकूण स्तनकर्करोगाच्या साधारण १५ टक्के. एका रुग्णालयाच्या, बहुधा एका देशाच्याही आवाक्यातले हे काम नाही.

किती रुग्ण लागतील हे ज्या एका आकड्यावर ठरते, त्यावर सगळ्यात जास्त वाद व्हायला हवा आणि सगळ्यात कमी होतो. नवा उपचार चांगला आहे हे दाखवायचे नसून तो फार वाईट नाही हे दाखवायचे असते, तेव्हा 'फार' म्हणजे किती हे आधी लिहून द्यावे लागते. आजार वाढण्याचा धोका १.३ पटीपर्यंत चालेल असे ठरवले, तर नेहमीच्या सांख्यिकी अटींखाली सुमारे ४५० जणींचा आजार वाढेपर्यंत वाट पाहावी लागते. मर्यादा १.१५ ठेवली तर हाच आकडा १,६०० च्या घरात जातो. १.३ कागदावर निरुपद्रवी दिसते. रुग्णाच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की सहा महिन्यांनंतर मध्यक १२ महिने आजार शांत राहणार असेल, तर तो सव्वानऊ महिन्यांवर आलेलाही आपण 'चालेल' म्हणू. पावणेतीन महिने सोडायला कोण तयार आहे आणि कशाच्या बदल्यात, हे संख्याशास्त्रज्ञाने एकट्याने ठरवायचे नसते.

मर्यादेवर निकाल कसा फिरतो याचे धडधडीत उदाहरण स्तनकर्करोगातच आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या हर-टू प्रकारात (पेशींवर हर-टू प्रथिन जास्त असलेल्या) ट्रॅस्टुझुमॅब हे त्या प्रथिनावरचे औषध बारा महिन्यांऐवजी सहा महिने पुरते का, हे फ्रान्सच्या फेअर आणि ब्रिटनच्या पर्सेफनी या चाचण्यांनी तपासले. फेअरमध्ये धोक्याचे गुणोत्तर (सहा महिन्यांच्या गटातला धोका बारा महिन्यांच्या गटाच्या किती पट) १.०८ आले आणि अनिश्चिततेचा पट्टा ०.९३ ते १.२५ होता. पर्सेफनीत गुणोत्तर १.०७ आणि पट्टा ०.९३ ते १.२४. पट्टे काढायची पद्धत थोडी निराळी होती (एकात ९५ टक्क्यांचा, दुसऱ्यात ९० टक्क्यांचा), पण आकडे जुळ्या भावंडांसारखे आहेत. तरीही फेअरचा निष्कर्ष 'सहा महिने पुरतात असे म्हणता येत नाही' असा लागला, तर पर्सेफनीचा 'पुरतात' असा. कारण पट्ट्याचे वरचे टोक मर्यादेच्या आत राहावे लागते; फेअरची मर्यादा १.१५ होती आणि पर्सेफनीची, चार वर्षांनंतरच्या ३ टक्के फरकावरून काढलेली, १.३२. साडेसात हजारांच्या आसपास बायकांनी भाग घेऊन शेवटी भांडण उरले ते आधी आखलेल्या एका रेषेवर. इम्युनोथेरपीत हीच चूक पुन्हा करायची नसेल, तर एकसारख्या चाचण्या करणाऱ्या देशांनी मर्यादा आधी एकत्र बसून ठरवावी आणि त्या बैठकीत रुग्णांना मत असावे, नुसती खुर्ची नव्हे.

आखणीचा एक चांगला नमुना समोर आहे. ब्रिटनच्या रिफाइन-लंग चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे, सहा महिने पेम्ब्रोलिझुमॅब घेऊन आजार न वाढलेले रुग्ण ६, ९, १२, १५ आणि १८ आठवडे अशा पाच अंतरांत विभागले जातात. दोनच गटांची तुलना करण्याऐवजी अंतर वाढत जाईल तसा परिणाम कसा बदलतो याची एक वक्ररेषा काढली जाते. प्रत्येक गट शेजारच्या गटांबद्दलही माहिती देत असल्याने एकेका गटात कमी रुग्ण भागतात. '१२ चालतात, १८ नाही' असे उत्तर फक्त अशाच आखणीतून मिळू शकते. स्तनकर्करोगासाठी आम्ही ६, १२ आणि १८ अशी तीनच अंतरे सुचवू. रुग्ण कमी आहेत आणि ९ की १२ एवढ्या बारकाव्याची चैन इथे परवडणारी नाही.

प्रत्यक्ष चाचणी घसरते ती मात्र अगदी साध्या ठिकाणी. सगळ्यात मोठा सापळा स्कॅनच्या तारखांचा. रुग्णालयात स्कॅन बहुधा सलाइनच्या भेटीला जोडलेला असतो. सहा आठवड्यांच्या गटाचा स्कॅन दर दुसऱ्या भेटीला आणि अठरा आठवड्यांच्या गटाचा दर भेटीला झाला, तर दुसऱ्या गटातली वाढ उशिरा सापडते आणि कागदावर तोच गट जास्त काळ 'शांत' दिसतो. हा फरक औषधाचा नसून कॅलेंडरचा असतो. स्कॅन सगळ्या गटांत ठरलेल्या आठवड्याला, समजा दर नऊ आठवड्यांनी, झालाच पाहिजे, मग त्या दिवशी सलाइन असो वा नसो.

दुसरा सापळा माणसांच्या चांगुलपणाचा आहे. लांब अंतराच्या गटातल्या रुग्णाला धाकधूक वाटते, डॉक्टरांनाही वाटते, आणि 'यावेळी सहा आठवड्यांनीच देऊन टाकू' असे होते. नेहमीच्या चाचणीत अशी गळती नव्या उपचाराचे नुकसान करते. इथे ती उलट वागते: गट एकमेकांसारखे होत जातात, फरक पुसला जातो आणि 'काही बिघडत नाही' हा निष्कर्ष फुकटात मिळतो. म्हणून वाटून दिल्याप्रमाणे केलेले विश्लेषण आणि प्रत्यक्ष पाळलेल्या अंतरावरचे विश्लेषण, दोन्ही एकाच दिशेला बोलली तरच निकाल मानायचा.

केमोच्या चक्राशी मेळ घालणे हे खास स्तनकर्करोगाचे दुखणे. पॅक्लिटॅक्सेल किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेल २८ दिवसांच्या चक्रात १, ८ आणि १५ व्या दिवशी जाते. जेमसिटाबिन-कार्बोप्लॅटिन २१ दिवसांच्या चक्रात १ आणि ८ व्या दिवशी. केमो चालू आहे तोवर पेम्ब्रोलिझुमॅबचे अंतर वाढवून एकही फेरी वाचत नाही. फेऱ्या वाचतात त्या केमो थांबल्यावर. त्यामुळे 'रुग्णाची धावपळ वाचेल' हा युक्तिवाद करताना कोणत्या रुग्णाची, हे सांगायला हवे. शिवाय जोडीदारच बदलतो आहे. २०२५ मध्ये मांडलेल्या अॅसेंट-०४ चाचणीत केमोऐवजी सॅसिटुझुमॅब गोविटेकनची (केमोचे औषध थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेणाऱ्या प्रतिपिंडाची) जोड दिल्यावर आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ७.८ वरून ११.२ महिने झाला. आज आखलेली चाचणी एकाच जोडीदाराला बांधून ठेवली तर ती संपेपर्यंत शिळी होईल. जोडीचे औषध कोणते याची नोंद करावी, वाटणी करताना त्यानुसार समतोल राखावा, पण प्रवेशाची अट करू नये.

कमी औषध म्हणजे कमी दुष्परिणाम, असेही आश्वासन दिले जाते. ते देऊ नये असे आम्हाला वाटते. कीनोट-३५५ मध्ये प्रतिकारशक्तीशी निगडित दुष्परिणाम सुमारे २६ टक्के रुग्णांत दिसले, गंभीर सुमारे ५ टक्क्यांत. थायरॉइड मंदावणे सर्वात नेहमीचे. फुप्फुसाचा दाह, आतड्याचा दाह, यकृताचा दाह, अधिवृक्क ग्रंथी निकामी होणे हे विरळ पण जिवावर बेतणारे. इपिलिमुमॅब या टी पेशींचा दुसरा ब्रेक काढणाऱ्या औषधात डोस वाढला की हे प्रकार वाढतात हे स्पष्ट आहे. पीडी-१ वरच्या औषधांत तसे सरळ नाते दिसलेले नाही. ज्यांच्या शरीरात हा भडका उडायचा त्यांच्यात तो थोड्या औषधानेही उडतो, आणि औषध थांबवून काही महिने झाल्यावरही उडतो. लांब अंतराचा खरा धोका इथेच आहे: सलाइन बारा आठवड्यांनी म्हणून रक्ततपासणीही बारा आठवड्यांनी, असे होऊ लागते. थायरॉइड, यकृत, साखर, सोडियम-पोटॅशियम आणि गरज वाटल्यास सकाळचे कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक) हे दर सहा आठवड्यांनी तपासलेच पाहिजे, आणि जुलाब, धाप किंवा कमालीचा थकवा आला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करायचा क्रमांक रुग्णाच्या हातात असला पाहिजे.

हे सगळे करणार कोण? औषध कमी खपावे यासाठी उत्पादक चाचणी करणार नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याची बुद्धी दुसरीकडे चालते. २०२५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबचे त्वचेखाली टोचायचे रूप अमेरिकेत मंजूर झाले. अर्ध्या तासाच्या सलाइनऐवजी एक-दोन मिनिटांचे इंजेक्शन. रुग्णाची आणि परिचारिकेची सोय झाली हे खरे, पण अंतर तेच, तीन किंवा सहा आठवडे. अमेरिकेच्या नियामकाने २०२१ मध्ये प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू करून नव्या कर्करोग-औषधांचा योग्य डोस मंजुरीआधीच शोधा असा आग्रह धरला, तोही पुढच्यांसाठी. मागे मंजूर झालेल्यांचा हिशेब मागायचा तर पैसे देणाऱ्यांनीच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवांनी आणि विमा योजनांनी, मागायला हवा. त्यांना या व्यवहारात तोटा नाही: ४०० मिलिग्रॅम सहाऐवजी बारा आठवड्यांनी दिले की वर्षाला साडेतीन ग्रॅमचे पावणेदोन ग्रॅम होतात, आणि ही बचत चाचणी चालू असतानाच सुरू होते. अंतर वाढवून तपासण्याची परंपराही नवी नाही. हाडांत पसरलेल्या कर्करोगात झोलेड्रॉनिक आम्ल हे हाडे बळकट ठेवणारे औषध दर चार आठवड्यांनी द्यायची पद्धत वर्षानुवर्षे होती. १,८२२ रुग्णांवर तपासल्यावर २०१७ मध्ये दिसले की बारा आठवड्यांनी दिले तरी दोन वर्षांत हाडांच्या तक्रारी तेवढ्याच: २९.५ विरुद्ध २८.६ टक्के.

'बऱ्या चाललेल्या उपचारात ढवळाढवळ कशाला' या आक्षेपाला आम्ही हलके समजत नाही. त्याचे उत्तर सुटकेच्या नियमात असले पाहिजे. लांब अंतराच्या गटात वाढ दिसली तर मूळ अंतरावर परतायचे का? मेलानोमात त्याला काही अर्थ असेल. ट्रिपल निगेटिव्ह आजारात परत येऊन दोन-तीन महिने वाट पाहण्यात पुढच्या औषधाची वेळ निघून जाऊ शकते. वाढ एकाच ठिकाणी, लहान आणि लक्षणांविना असेल तरच परतावे, एरवी थेट पुढच्या उपचाराकडे जावे, असे संमतिपत्रात आधीच छापलेले हवे.

आणि एक वाक्य तिथे आणखी हवे. कीनोट-३५५ मध्ये उपचाराची कमाल मर्यादा '३५ डोस' अशी होती. तीन आठवड्यांच्या अंतराने ती दोन वर्षे होते. हाच आकडा कुणी जुन्या मसुद्यातून बारा आठवड्यांच्या गटासाठी उचलला, तर उपचार आठ वर्षे चालेल. मर्यादा डोसांत न लिहिता महिन्यांत लिहावी.